मान्सूनमधील धुराचा वाटा

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले गाव मराठवाड्यातल्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. जिल्ह्यात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कापूस, ऊस, मोसंबी साऱ्यांची भिस्त त्यावरच. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अमुक एका वर्षाचा दुष्काळ धुरामुळे पडला, असे शास्त्र म्हणत नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्सून क्षीण का होत गेला, या प्रश्नाच्या उत्तरात धुराला मोठे स्थान आहे, आणि त्या उत्तराचा महत्त्वाचा भाग पुण्यात शोधला गेला.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. त्या काळी मान्सूनचा अंदाज गिल्बर्ट वॉकर यांनी घालून दिलेल्या सांख्यिकी पद्धतीने बांधला जाई: दूरदूरच्या ठिकाणचा वायुभार, तापमान आणि भारतातला पाऊस यांचे नाते शोधायचे. धूर नसता तर पाऊस किती पडला असता, हे मात्र त्या पद्धतीला विचारता येत नसे. त्यासाठी वातावरण आणि समुद्र यांचे भौतिक नियम समीकरणांत मांडून संगणकावर सोडवणारी प्रारूपे लागतात. १९६२मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि १९७१मध्ये स्वायत्त झालेली भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था पुढे या कामाचे केंद्र बनली.

पद्धत कल्पनेत सोपी आहे. प्रारूप एकदा सर्व कारणांसह चालवायचे. मग फक्त हरितगृह वायू वाढवून, पुन्हा फक्त धुरातले सूक्ष्मकण वाढवून, आणि शेवटी माणसाचा हस्तक्षेप वगळून. या धावांमधला फरक म्हणजे त्या त्या कारणाचा परिणाम. प्रत्यक्ष पृथ्वीवर असा प्रयोग करता येत नाही. निसर्ग मात्र क्वचित करून दाखवतो. १९९१मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने गंधकाचे कण आकाशात उधळले आणि पुढच्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअसने उतरले. ही घट प्रारूपांनी आधीच वर्तवली होती, म्हणून त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

भारताभोवतीच्या धुराचे खरे रूप १९९९च्या हिंदी महासागर प्रयोगात उघड झाले. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखाली विमाने, जहाजे आणि मालदीवमधले निरीक्षण केंद्र यांनी उत्तर हिंदी महासागरावर पसरलेला तपकिरी थर मोजला. कोळशाच्या भट्ट्या, वाहने, चुली, शेतात पेटवलेले पाचट असे सारे त्यात होते. गंधकाचे कण ऊन परतवतात, काजळी ते शोषते. दोन्हींमुळे जमिनीवर पोहोचणारे ऊन घटते. मान्सूनला ओढून आणणारा जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक त्यामुळे कमी होतो. शिवाय ढगांतले पाणी असंख्य बारीक थेंबांत विभागले जाते आणि पावसाचा थेंब तयार होणे लांबते.

२०११मध्ये बोलासिना, मिंग आणि रामस्वामी यांनी अमेरिकेतल्या प्रारूपावर दाखवले, की दक्षिण आशियातला पाऊस घटण्यामागे मुख्यतः मानवनिर्मित सूक्ष्मकण आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत आर. कृष्णन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियावर बारीक जाळी असलेले प्रारूप वापरून २०१६मध्ये या घटीची फोड केली: सूक्ष्मकणांबरोबर जमिनीच्या वापरातला बदल आणि हिंदी महासागराचे तापणे हेही त्यात गुंतलेले आहे. दोष एकाच कारणावर न ढकलणे, हे या कामाचे मोठे बळ. याच संस्थेच्या पुढाकाराने २०२०मध्ये निघालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, तर १९५१ ते २०१५ दरम्यान मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला; गंगेचे मैदान आणि पश्चिम घाट इथे ही घट विशेष जाणवते. धुराचे आवरण नसते तर तापमान याहून अधिक चढले असते.

२०२०च्याच टाळेबंदीत हवा एकाएकी निवळली. सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांनी पुण्यातून केलेल्या प्रारूप-अभ्यासात कमी प्रदूषणामुळे मान्सूनचा पाऊस वाढल्याचे दिसले. धुराचे सूक्ष्मकण आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसतात, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके टिकतो. म्हणून धूर आवरला तर पाऊस लवकर सावरू शकतो, पण झाकलेली उष्णताही तितक्याच लवकर उघडी पडते.

गावापर्यंत मात्र हे उत्तर थेट पोहोचत नाही. संस्थेच्या पृथ्वी-प्रणाली प्रारूपात वातावरणाचा एकेक चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा आहे. कुंभार पिंपळगाव, जालना शहर आणि परभणी एकाच चौकोनात मावू शकतात. पीकविम्यासाठी लागणारा पाऊस महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर मोजला जातो, आणि शेजारच्या दोन मंडळांतही तो सारखा नसतो. प्रारूपाचा चौकोन आणि मंडळाचा पर्जन्यमापक यांतले अंतर मिटवण्यासाठी जाळी बारीक करावी लागते. २०१८मध्ये पुण्यात ‘प्रत्युष’ आणि २०२४मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आल्याने त्या कामाला वेग आला आहे.