खाडीपलीकडची सायकलवाट

देशाचा इतिहास जसा ग्रंथांत वाचतां येतो, तसाच तो रस्त्यांतही वाचतां येतो. मात्र वाचणाऱ्याचा वेग बेताचा असावा लागतो. आगगाडींतून डोंगर दिसतो, पण डोंगराखालचें गांव दिसत नाहीं. मोटारींतून गांवाची पाटी दिसते. पण पाटीवरचें नांव मनांत उतरण्यापूर्वींच गांव मागें पडतें. पायीं चालणारास सर्व कांहीं दिसतें, परंतु दिवसाकांठीं त्याची मजल थोडी होते. या दोहोंमधला वेग सायकलीचा. मुंबई बंदराच्या पूर्वेस उरण-पनवेलचा जो मुलूख आहे, आणि ज्याच्या मोठ्या भागावर आज नवी मुंबई वसली आहे, तो या वेगानें पाहण्यासारखा आहे.

सायकल हें वाहन फार जुनें नव्हे. दोन सारख्या चाकांची व सांखळीची सायकल स्टार्ले यानें इंग्लंडांत १८८५ सालीं बाजारांत आणली, आणि १८८८ सालीं डनलॉप यानें तिच्या चाकांना हवेची धांव दिली. तत्पूर्वींच, १८७८ सालीं, तेथील हौशी मंडळींनीं सायकलप्रवासाची संस्था स्थापन केली होती. मुंबईकरही यांत मागें राहिले नाहींत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघांनीं सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा केला व ते १९२८ च्या मार्चमध्यें मुंबईस परतले. इराणचे उजाड माळ आणि सिनाईचें वाळवंट ओलांडणाऱ्या या तरुणांनीं एक गोष्ट सिद्ध केली : सायकलीला मोठा रस्ता लागत नाहीं, मोठा धीर लागतो.

खाडीपलीकडच्या मुलुखांत जाण्यास मात्र प्रथम रस्ता नव्हताच. होतें तें पाणी. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी गलबतांत बसे, भरतीबरोबर पनवेलच्या बंदराला लागे आणि तेथून घाटाकडे वळे. १८३० सालीं गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता झाला. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी गेली, आणि पनवेलचें महत्त्व ओसरलें. पुढें १९७० सालीं नवें शहर वसविण्यासाठीं सिडको स्थापन झाली, १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला, आणि २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून चिर्ल्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. या सेतूवर सायकलीस मज्जाव आहे.

या सनावळींतून एक नियम दिसून येतो. प्रत्येक नवा वेग जुन्या वाटेवरची वर्दळ ओढून नेतो आणि ती वाट हळू जाणारांस सोडून देतो. म्हणून ज्यास मोटारींचा त्रास चुकवावयाचा आहे, त्यानें नवा रस्ता शोधूं नये, जुना शोधावा.

अशी सर्वांत जुनी वाट भाऊच्या धक्क्यावरून निघते. मोऱ्यास जाणाऱ्या लाँचेंत माणसाबरोबर सायकलही येते. सेतु भरती-ओहोटीची पर्वा करीत नाहीं. लाँच मात्र अजून समुद्राच्या मर्जीनें चालते. मोऱ्यास उतरलें कीं उरण जवळच. एके काळीं या बाजूस मिठागरांचे चौकोन दूरवर पसरले होते. १९८९ सालीं न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें, आणि मोठ्या रस्त्यांवर मालवाहू गाड्यांच्या रांगा लागल्या. शहाणा सायकलस्वार ते रस्ते टाळतो आणि पहाटेस गांवांमधून जाणारी आंतली वाट धरतो. एका बाजूस भाताचीं खाचरें, दुसऱ्या बाजूस खाजणांतलीं तिवरें, आणि बांधावर बगळे : असा हा प्रदेश आहे.

पण हा केवळ देखावा नव्हे. वाटेंत जासई लागतें. नव्या शहरासाठीं ९५ गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. त्यांच्या मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं जासई-नवघरच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच जण प्राणांस मुकले. साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यास परत द्यावयाचे, हें धोरण त्या लढ्याचें फळ होय. ज्या गुळगुळीत रस्त्यावरून शहरवासी आपल्या घरीं जातो, त्याखालीं कोणाचें शेत होतें, हें जासईस थांबल्यावांचून कळत नाहीं.

जासईच्या दक्षिणेस चिरनेर आहे. १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह देशभर चालला असतां येथील लोकांनीं जंगलाचा कायदा मोडला. कारण डोंगराचें गवत व लांकूड हेंच त्यांचें मीठ होतें. २५ सप्टेंबर १९३० रोजीं झालेल्या गोळीबारांत आठ सत्याग्रही पडले. गांवांत त्यांचें स्मारक आहे. तेथून ईशान्येस पनवेलच्या बाजूला वळलें कीं कर्नाळ्याचा आंगठ्यासारखा सुळका दिसूं लागतो. त्याच्याच परिसरांतील शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. १८४५ सालीं येथें जन्मलेला हा पुरुष १८८३ सालीं एडनच्या कारागृहांत मरण पावला. जासई, चिरनेर, शिरढोण : एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही तीन गांवांची गोष्ट एकाच दिवसाच्या सायकलफेरींत सांपडते.

पनवेलहून पूर्वेकडे पाहिलें असतां माथेरानचा डोंगर दिसतो. १८५० सालीं मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरानें त्याची वाट धरली. १९०७ सालीं नेरळहून लहान आगगाडी वर गेली. परंतु मोटारीला त्या गांवांत प्रवेश मिळाला नाहीं. मनांत आणलें तर शांतता कायद्यानें राखतां येते, याचें हें उदाहरण. मात्र तेथें शतकभर माणसानें माणसाला रिक्षांत बसवून ओढलें, आणि ती प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयास ऑगस्ट २०२५ मध्यें द्यावा लागला. नुसती मोटार वर्ज्य करून भागत नाहीं. तिचें ओझें कोणाच्या खांद्यावर पडतें, हेंही पाहावें लागतें.

इंग्लंडांत ब्रिस्टल व बाथ या शहरांमधला लोहमार्ग बंद पडला, तेव्हां १९७९ ते १९८६ च्या दरम्यान त्याच जागेवर पायीं व सायकलीनें जाणारांसाठीं मार्ग बांधण्यांत आला. टाकून दिलेली वाट तेथें लोकांनीं उचलून घेतली. उरण-पनवेलच्या आंतल्या वाटा अद्याप पुरत्या टाकलेल्या नाहींत, आणि कोणी राखलेल्याही नाहींत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं येथील विमानतळाचें उद्घाटन झालें. आतां वेग आणखी वाढेल. त्या वेगाला जागा देतांना मोऱ्याची लाँच, खाजणाचा बांध आणि चिरनेरचा रस्ता हळू जाणारासाठीं शाबूत ठेवला, तर पुढच्या पिढीस हा मुलूख नुसता ओलांडावा लागणार नाहीं, तो पाहतांही येईल.