अंबेकाठचा अंकुशी रुपया

भात कापून झालंय, खाचर सुकलंय आणि मालकाने ‘खणा, पण खड्डे बुजवा’ एवढ्या अटीवर परवानगी दिलीय. नागोठण्याचा जुना दगडी पूल इथून बराच लांब आहे, ते बरंच आहे. संरक्षित वास्तूच्या आसपास कुदळ चालवणं हा गुन्हा असतो, आणि पूल बिनसंरक्षित असला तरी त्याच्या पायथ्याशी खणू नये एवढं कळायला कायदा लागत नाही. तुम्ही हेडफोन कानाला लावता आणि धातुशोधक यंत्राच्या दांड्याच्या टोकाची तबकडी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत निघता.

सुरुवातीला कानात नुसता कलकलाट. भरतीचं खारं पाणी अंबा नदीतून वर चढतं, त्याचा खार मातीत असतो. शिवाय सह्याद्रीच्या खडकाची ही माती लोहाच्या कणांनी भरलेली. तबकडीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत क्षणभर वीज फिरते, त्या विजेचं उत्तर यंत्र ऐकतं. पण खारी ओल आणि लोहही उत्तर देतात, म्हणून आधी यंत्राला इथल्या मातीची ओळख करून द्यावी लागते. ती झाली की खिळा घोगरा, तुटक बोलतो. चांदी विजेची सगळ्यात उत्तम वाहक, तिचा सूर उंच आणि स्वच्छ.

पहिला रुपया निघतो तो सहाव्या जॉर्जचा, 1944 चा. 11.66 ग्रॅम वजन, पण चांदी निम्मीच. 1940 मध्ये सरकारने युद्धाच्या धामधुमीत रुपयातली चांदी सुमारे 91.7 टक्क्यांवरून 50 वर आणली. 1939 चा असता तर तुमचे हात थरथरले असते; त्या सालचा रुपया दुर्मीळ. हा मात्र ढिगाने मिळतो. ठेवा पिशवीत.

दुसरा सूर वितीभर खालून येतो. हाताने माती बाजूला करा. काळी, जाड चकती. धड गोलही नाही. मिठाने चांदीवर चढलेली ती पुटं. अंगठा आवरा! चिंच, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही लावलंत तर संग्राहक नाणं हातात घेऊन परत करेल. नुसत्या पाण्यात बुडवून माती सुटू द्या. फार्सी अक्षरांच्या तुकड्यांमध्ये एक आकडा दिसतो, माहुताच्या हातातला अंकुश. पुण्याच्या टाकसाळीचा अंकुशी रुपया. आणि अक्षरांवर आडवेतिडवे बारीक खळगे: एक चंद्रकोरीचा, एक ठिपक्याचा, काठाशी एक सरळ छेद. त्या छेदात नजर रोवा.

1790 च्या आसपासचं नागोठणे बंदर. पुण्यात सवाई माधवराव पेशवे. भरतीबरोबर मचवे वर आलेत, चिखलात पाय रुतताहेत, मिठाच्या गोणी बैलांच्या पाठीवर चढताहेत, तांडा घाटावर जायचाय. मीठ तुम्हालाही घ्यायचंय, पण तुमचे रुपये आधी सराफाच्या गादीवर जातात. तो मान वर न करता विचारतो,

“कुठले?”

“पुण्याचे. अंकुशी.”

“हा अंकुशी. हा चांदवडी. हे दोन झिजलेत.” एकेक रुपया तो दगडावर टाकतो आणि कान देतो. एक बद्द वाजतो. तो छिन्नी काठाला लावतो, टोला देतो, छेदातली चांदी उजेडात धरतो. आत पांढरी आहे. मग तराजूत गुंजा पडतात. शहाण्णव गुंजांचा तोळा, आणि तुमचा रुपया त्याला कमी.

“आतून चोख आहे, तरी बट्टा पडेल.”

“चोख आहे म्हणता, मग बट्टा कशाचा?”

“राव, उद्या हाच मी पनवेलच्या सावकाराला दिला तर तो काय म्हणेल?”

यावर बोलायला जागा नाही. रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचं, ज्याचे डोळे 1788 मध्ये गुलाम कादिरने काढले. टाकसाळ पेशव्यांच्या पुण्याची. आणि भाव ठरतोय तो अंबेच्या काठी, अजून न भेटलेल्या एका सावकाराच्या मर्जीने. यंत्राला चांदी कळते, हा बट्टा त्याला कळणार नाही.

आणखी शंभरेक वर्षं मागे जा. जून 1674, रायगड. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन तहाची कलमं घेऊन बसलाय, दुभाषा नारायण शेणवी. एक कलम आहे: मुंबईची इंग्रजी नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. उत्तर ऐका, कारण त्यात सराफाचं अख्खं शास्त्र आहे. कुठल्याच नाण्याला आमची मनाई नाही; पण ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणं घ्याच, अशी सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. नव्या छत्रपतींनी सार्वभौमत्वाची खूण म्हणून स्वतःचे होन पाडले, आणि त्याच वेळी परक्या नाण्याचा भाव बाजारावर सोडला. आजच्या कितीतरी अर्थमंत्र्यांना हे जमलं नसतं.

त्या काळच्या कोकणात आणखी एक चांदी चालते, तिला नाण्याचं रूपच नाही. लारी: चांदीची तार मधोमध दुमडायची, चपटी करून वर शिक्का मारायचा. दिसते केसातल्या आकड्यासारखी. मूळ इराणच्या लार शहरातली, अरबी समुद्रावरून आलेली. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही ती पाडली. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. 1580 च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने नागोठण्याचा पूल बांधला असं सांगतात, तेव्हा या वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या कमरेला लाऱ्या असणारच. तुमच्या यंत्राला मात्र अशी बारीक तार कचरा वाटू शकते. मघाशी एक पातळ, लाजरा सूर तुम्ही ओलांडून आलात ना? मागे फिरा, तिथेही खणून बघा.

आता वर या. झिजलेला, छेदलेला अंकुशी रुपया बाजारात चांदीच्या भावाच्या फार वर जात नाही. मोल वाढतं ते कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडला याने. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षहरात राजा नहपानाची 13,250 चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. ढीग एकत्र मोजला गेला म्हणून क्षहरातांचा पाडाव नाण्यांतून वाचता आला. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर?

म्हणून कागद घ्या. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि त्याची मर्यादाही अजून दहा रुपयांचीच. जमिनीत दडलेली त्याहून मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. लपवलंत तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूळ मालक पुढे आला नाही आणि तुमचा खाचरवाल्याशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से तुमचे, एक त्याचा. सरकारला ठेवा स्वतःकडे हवा असेल तर ते नुसत्या धातूची किंमत करतं आणि वर तिचा पाचवा हिस्सा देतं. बंदरावरच्या सराफाने वजा केलं असतं. जिल्हाधिकारी निदान अधिक करतात.