माल्कम
स्कॉटिश मूळ असलेले पुरुषवाचक व्यक्तिनाम. ‘कोलंबाचा सेवक’ अशा अर्थाच्या गेलिक शब्दसमूहापासून ते सिद्ध झाले. त्यातील पूर्वपदाचा मूळ अर्थ मुंडन केलेला. त्यावरून भक्त वा सेवक. रचनेच्या दृष्टीने ते रामदास ह्या नावासारखे होय. संत कोलंबा ह्यांनी ५६३ मध्ये आयोना बेटावर मठ स्थापिला. त्यांच्याविषयीच्या भक्तीतून आलेले हे नाव पुढे स्कॉटलंडच्या चार राजांनी धारण केले, त्यांपैकी तिसरा माल्कम (कार. १०५८–९३) विशेष प्रसिद्ध आहे. आधुनिक काळात ते इतर इंग्रजी भाषक देशांतही रूढ झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स (१९२५–६५) ह्यांनी गुलामांच्या मालकांकडून पूर्वजांवर लादले गेलेले म्हणून ‘लिटल’ हे आडनाव त्यागिले. मूळ अर्थ ‘सेवक’ असलेल्या ह्या नावानेच मात्र ते जगभर ओळखले गेले.