अश्मरीविरहित पित्ताशयशोथ
पित्ताशयात खडे (अश्मरी) नसताना त्यास येणारी दाहयुक्त सूज. तीव्र पित्ताशयशोथाच्या रुग्णांपैकी सु. ५ ते १० टक्के या प्रकारचे असतात. पित्त साचून घट्ट होणे, पित्ताशयाच्या भित्तीचा रक्तपुरवठा घटणे व जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे होत. गंभीर अपघात, भाजणे किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर तो विशेषत्वे आढळतो. तथापि एरवी निरोगी असलेल्या तरुणांतही आंत्रज्वर (टायफॉइड), डेंग्यू यांसारख्या तापांत तो उद्भवू शकतो.

१८४४ मध्ये डंकन यांनी या विकाराचे वर्णन केले. १८८० मध्ये एबर्ट यांनी आंत्रज्वराचे जंतू पाहिले. हे जंतू पित्ताशयात पोहोचून तेथे दीर्घकाळ टिकतात, असे पुढे आढळले. १८८२ मध्ये बर्लिन येथे लांगेनबुख यांनी पित्ताशय काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली.

सातारा-सांगली भागात आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया मिरजेस घातला गेला. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशन रुग्णालय उघडले व १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. त्या काळी पोट उघडल्याखेरीज पित्ताशयाची अवस्था निश्चित कळत नसे आणि आंत्रज्वरावर गुणकारी औषधही नव्हते. ते १९४८ मध्ये क्लोरँफिनिकॉलच्या रूपाने मिळाले. मिरजेस १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर कराड येथे १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय संस्था निघाली.

श्राव्यातीत ध्वनितपासणीमुळे आता खड्यांचा अभाव, भित्तीची जाडी व भोवतालचा द्रव शस्त्रक्रियेविना दिसतो. परंतु जाड भित्ती म्हणजे शस्त्रक्रियेची निकड, असे समीकरण चुकीचे ठरते. डेंग्यूत रक्तद्रव झिरपल्याने भित्ती जाड होते व ताप उतरल्यावर ती बहुधा पूर्ववत होते. अशा वेळी बिंबिका (प्लेटलेट) कमी असल्याने शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका असतो. आंत्रज्वरातील शोथही पुष्कळदा प्रतिजैव औषधांनी बरा होतो. मात्र वेदना वाढणे, पोट ताठर होणे अथवा रक्तदाब घसरणे ही कोथ किंवा छिद्रण यांची चिन्हे असू शकतात. तेव्हा विलंब प्राणघातक ठरतो. पित्ताशय काढणे किंवा नळीने त्यातील पित्त बाहेर काढणे आवश्यक असते. म्हणून तापाच्या तरुण रुग्णास उजव्या बरगड्यांखाली तीव्र वेदना होत असल्यास, खडे नाहीत एवढ्यावरून निश्चिंत न राहता त्याची वारंवार तपासणी करणे हितावह होय.