पँथरचा दवाखाना

दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, हे चळवळीतला कोणीही विद्यार्थी सांगतो. उगारलेल्या मुठी, बंदुका, तुरुंग हेही त्याला ठाऊक असते. ब्लॅक पँथर दवाखाने चालवीत होते, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मात्र पोरे चकित होतात. विद्रोहाचा इतिहास लिहिताना आपण सुई आणि रक्ताचा थेंब गाळला, त्याचा हा परिणाम आहे.

ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 1966 साली ओकलंडमध्ये हा पक्ष काढला. 1970 साली सील यांनी प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना उघडण्याचा आदेश दिला. कृष्णवर्णीय गरिबाच्या वाट्याला तोवर ताटकळणे आणि अपमान हेच अधिक येत होते. पँथरच्या दवाखान्यात डॉक्टर आणि परिचारिका विनामोबदला येत, आणि वस्तीतलीच माणसे रक्तदाब मोजायला शिकत.

पुढच्याच वर्षी त्यांनी सिकलसेलची तपासणी हाती घेतली. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर रोग होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, एरवी धडधाकट. अमेरिकेच्या वैद्यकाला हा रोग 1910 पासून माहीत होता. पण त्याचे रुग्ण काळे, म्हणून त्याच्या संशोधनाला पैसा नव्हता. पँथरनी बोटाला टोचून हा हिशेबच चव्हाट्यावर मांडला. मार्च 1972 मध्ये मोफत आरोग्यसेवेची मागणी त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात आली. मे महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेलविषयक कायद्यावर सही केली. याचे श्रेय एकट्या पँथरला देणे भाबडेपणाचे होईल. शिवाय पुढे काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि निव्वळ वाहक असलेल्यांनाही नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. तपासणी कोणाच्या हातात आहे, यावर बरेच अवलंबून असते.

त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर जन्मली. 1973 च्या जाहीरनाम्यात मोफत वैद्यकीय सोयींची मागणी आहे. मागणी सरकारकडे होती आणि ती रास्तच होती. पण तो रोग आपल्याही रक्तात होता! शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्या अभ्यासाचे नागपूर म्हणजे दोनच वर्षांपूर्वी लाखोंनी जेथे धम्मदीक्षा घेतली तेच नागपूर. पूर्वाश्रमीच्या महारांत, गोंड-माडियांत, भिल्ल-पावऱ्यांत हा दोष मोठ्या प्रमाणात आहे; कुणबी, तेलीही त्यातून सुटलेले नाहीत. कारण जातीच्या रक्तात नाही, हिवतापात आहे: वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखात हा दोष टिकला. जातीतल्या जातीत लग्ने लावण्याच्या रूढीने तो त्या-त्या समाजात कोंडून ठेवला. जातीचे मूळ याच रूढीत आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात मांडले होते.

मुंबईच्या पँथरला विदर्भातला हा ठणका पुरेसा ऐकू गेला नाही, असे मला वाटते. नागपुरात सिकलसेलग्रस्तांची संघटना उभी केली ती संपत रामटेके यांनी. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्राची मोहीम सुरू झाली 1 जुलै 2023 रोजी, मध्य प्रदेशातील शहडोलला. उद्दिष्ट 7 कोटी तपासण्यांचे, आखणी आदिवासी भाग डोळ्यांसमोर ठेवून. आदिवासींना ती हवीच होती, त्यात वाद नाही. पण आदिवासी नसलेल्या तालुक्यातील बौद्धवाडा या नकाशात कोठे बसतो, हे आपण विचारलेच पाहिजे.

दुसराही एक प्रश्न आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्व मानले. त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना 4 टक्के जागा ठेवल्या; पण त्या ज्यांच्यासाठी आहेत त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. आमच्या पदवीधर पोराला दाखला मिळतो, आणि तो घेऊन तो रोजंदारीच्या कामावर जातो. गोळ्या आणायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते, त्या दिवशीचा रोज बुडतो.