चार तारा आणि एक स्क्रू-ड्रायव्हर

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, आणि १९५१ च्या अखेरीस त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेला ‘प्रिसिजन बेस’ पाहताना हे विसरून चालत नाही. पडदे असलेला, विजेवर चालणारा बेस सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच केला होता. पण तो फार लोकांपर्यंत पोहोचला नाही. फेंडरचा पोहोचला. याचे श्रेय सहसा त्याच्या आवाजाला आणि सुटसुटीत आकाराला दिले जाते. मला मात्र त्यातल्या स्क्रूंचे महत्त्व अधिक वाटते.

त्याआधीचा बेस म्हणजे माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचा डबल बेस. त्याच्या तारा खाली आणायच्या तर सहसा घोडीचे लाकूड तासावे लागे आणि ते काम कारागिराचे. मेकॅनिकच्या डोक्यातून निघालेल्या वाद्यात मान स्क्रूंनी बसवलेली, मानेच्या पोटात पोलादी सळई म्हणजे ट्रस रॉड, आणि घोडीवर तारांची उंची नि लांबी बदलणारे स्क्रू. दुरुस्ती वादकाच्या हाती आली. अर्थात पूर्णपणे नव्हे. पहिल्या घोडीवर चार तारांना मिळून दोनच आधार होते, त्यामुळे एका तारेचा सूर जुळवला की तिच्या जोडीदारणीचा थोडा ढळे. प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार मिळायला १९५७ साल उजाडले. ट्रस रॉडचे टोकही मानेच्या बुडाशी दडलेले; तो फिरवायचा तर मान सैल करावी लागे.

या वाद्यावर तारा कोणत्या आणि किती दिवस, या प्रश्नाला १९६० च्या दशकाने दोन टोकांची उत्तरे दिली.

पहिले डेट्रॉइटचे. मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन १९६२ चा प्रिसिजन बेस वाजवत. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड तारा, वरून चपट्या पट्टीचे वेढे दिलेल्या, हाताला गुळगुळीत. तुटल्याखेरीज ते तार बदलत नसत. तारा पडद्यांपासून इतक्या उंच, की दुसऱ्याला त्या दाबणे जड जाई. ते छेडत मात्र उजव्या हाताच्या एकाच बोटाने. बोटांचा घाम आणि मळ वेढ्यांत बसला की तारेची वरची झणझण मरते आणि स्वर ठोस, गोल होतो. त्या काळच्या मोटाउन गाण्यांखाली ऐकू येतो तो असा मुरलेल्या तारांचा आवाज.

दुसरे उत्तर लंडनचे. ‘द हू’चे जॉन एन्टविसल यांना तारेत पियानोची झळाळी हवी होती. डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक तारांत ती सापडली. पण त्या तुटत आणि सुट्या मिळत नसत, म्हणून तारेपायी नवा बेस विकत घ्यावा लागे, असे ते सांगत. १९६६ मध्ये ते रोटोसाउंडच्या जेम्स हाऊ यांच्याकडे गेले. अडचण खालच्या दोन जाड तारांची होती. त्या नीट कंपत नव्हत्या. कारखान्यात प्रयोग करून त्या सुधारल्या आणि गोल तारेचे वेढे असलेला संच तयार झाला. हा झणत्कार मात्र अल्पायुषी. वेढ्यांच्या खाचांत मळ साचला की काही आठवड्यांत तो ओसरतो.

आज नवशिका दुकानातून संच आणतो तेव्हा नकळत या दोहोंपैकी एकाची बाजू घेत असतो, आणि त्याचा परिणाम लाकडावर होतो. चार तारांचा मिळून ताण साधारण ७०-८० किलो वजनाइतका असतो. म्हणून तारा एकेक करून बदलाव्यात, सगळ्या एकदम उतरवू नयेत. तार खुंटीच्या पुढे चार बोटे ठेवून कापायची, पण आधी तिथे काटकोनात वाकवायची. नाहीतर वेढे उलगडतात आणि तार मुकी होते. टोक खुंटीच्या भोकात खुपसून वरून खाली दोन-तीन वेटोळी द्यावीत.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा. तारा सुरात लावून आधी मान पाहायची: पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबला असता सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली जाड कागदाएवढी फट हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा. मग उंची. लांबी सर्वांत शेवटी, कारण आधीची दोन्ही बदलली की तीही बदलते. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून आणि मग दाबून वाजवायची. दाबलेला स्वर चढा आला तर आधार मागे सरकवायचा. दाबताना तार ताणली जाऊन चढते. जाड तार अधिक चढते, म्हणून तिचा आधार सहसा सर्वांत मागे असतो. दोन आधारांच्या जुन्या घोडीवर नेमके हेच साधत नसे.

जेमर्सन यांचे नाव मोटाउनच्या तबकडीवर छापले गेले ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. त्यांच्या बेसवरच्या तारांची उंची आणि मानेचा बाक यांविषयी आपल्यापाशी आहेत त्या सोबत्यांच्या आठवणी. तो बेस ऑगस्ट १९८३ मधील त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला.