स्टॉकफिश : अनेक हातांनी घडलेली वाटचाल

संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे, याचे दोन मार्ग क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये मांडले. एक, शक्य ती प्रत्येक चाल तपासायची. दुसरा, ज्ञानाच्या आधारे मोजक्याच चाली निवडायच्या. पुढे पहिल्या, म्हणजे वेगाच्या मार्गाचीच सरशी झाली. मात्र प्यादी एकमेकांत अडकलेल्या बंदिस्त स्थितीत हा वेग अपुरा पडे. तिथे योजना फळायला वीस-पंचवीस चाली लागतात आणि तेवढ्या दूरचे प्रोग्रामला दिसत नसे. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सामन्यात गॅरी कास्पारोव्ह यांनी एक्सथ्रीडी फ्रिट्झ या प्रोग्रामविरुद्धचा तिसरा डाव सहाव्या चालीतच प्यादे रेटून बंदिस्त केला आणि जिंकला.

याच काळात नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांनी ‘ग्लाउरुंग’ हा प्रोग्राम खुला केला. त्याच्या आधारे इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये ‘स्टॉकफिश’ सुरू केला. फिनलंडचे योना कीस्की त्यांना येऊन मिळाले.

ज्ञानाचा प्रत्येक नवा नियम प्रोग्रामचा वेग थोडा कमी करतो. मग तो ठेवायचा की नाही, हे कसे ठरवावे? २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉट यांनी उभारलेल्या ‘फिशटेस्ट’ने उत्तर दिले. स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवायचे आणि कसाला उतरलेला बदलच स्वीकारायचा. त्या वर्षी बुद्धिबळ प्रोग्रामांच्या टीसीईसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टॉकफिशची हूडिनी या प्रोग्रामकडून थोडक्यात हार झाली. २०१४ मध्ये कोमोडो या प्रोग्रामला हरवून स्टॉकफिशने विजेतेपद मिळवले.

डिसेंबर २०१७ मध्ये मोठा धक्का बसला. सेकंदाला सात कोटी स्थिती तपासणारा स्टॉकफिश, केवळ ऐंशी हजार तपासणाऱ्या, न्यूरल नेटवर्कवर आधारलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रामकडून शंभर डावांत २८ हरला. एकही जिंकू शकला नाही.

कार्यकर्ते खचले नाहीत. जपानच्या यू नासू यांनी शोगी या खेळासाठी रचलेले, साध्या प्रोसेसरवर झपाट्याने चालणारे न्यूरल नेटवर्क हिसायोरी नोदा यांनी स्टॉकफिशला जोडले. एका चालीने पटावर थोडेच बदलते, म्हणून हे नेटवर्क तेवढाच हिशेब नव्याने करते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत वेग आणि ज्ञान एकत्र नांदू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाताने लिहिलेले जुने मूल्यमापन पूर्णपणे निवृत्त झाले.

पूर्ण बंद झालेल्या, भेदताच न येणाऱ्या तटबंदीत आजही प्रोग्राम बरोबरीच्या डावात एका बाजूला वरचढ ठरवू शकतो. काम संपलेले नाही. स्टॉकफिश सर्वांना विनामूल्य आहे आणि फिशटेस्टचे दार खुले आहे. मराठी बुद्धिबळप्रेमींनीही आपल्या संगणकाचा रिकामा वेळ या कार्याला द्यावा.